खाकी शर्टातली अक्का

अक्का नऊवारी लुगडं नेसायची आणि त्यावर एसटी कंडक्टरचा खाकी शर्ट घालायची. शर्ट तिच्या भावाचा. तो उमरगा डेपोतून रिटायर झाला, तेव्हा त्याच्याकडून तिनं जुने शर्ट मागून घेतले. खिशावरचा बिल्ला मात्र भावानं आधीच काढून ठेवला होता, आणि त्याचा राग तिनं मनातून कधी काढला नाही. "बिल्ला असता तर तहसीलदार बी उठून हुबा राहिला असता," असं ती भर उन्हात, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला असताना म्हणायची. एवढ्या उकाड्यात शर्ट कशाला, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "नुसतं लुगडं बघून लोकं मावशी म्हनत्यात. खाकी बघून ऐकत्यात."

लोकांना ऐकायला लावणं तिला भागच होतं, कारण ती नाव चालवायची.

धरण झाल्यापासून आमच्या दोन गावांच्या मधे पाणी पसरलं होतं. पूर्वीचा उतार, जिथून बैलगाड्या नदीतून पलीकडं जायच्या, तो त्या पाण्याखाली गेला. रस्त्यानं पल्याडच्या गावी जायचं तर मुरुम गावावरून मोठा वळसा, दोन एसट्या बदलायच्या आणि अर्धा दिवस घालवायचा. नाहीतर अक्काची पत्र्याची नाव. ती आधी तिच्या नवऱ्याची होती. नवरा साप चावून गेला आणि तेरा दिवस झाल्यावर अक्कानं वल्ही हातात घेतली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. सुगी झाली की दोन्ही गावं तिला जवारी आणि तुरी घालायची, त्यावर तिचं भागायचं. मूलबाळ नव्हतं.

मी मूळची भूमकडची. आमच्याकडं पाणी दिसायचं ते टँकरच्या नळातून पडताना. पल्याडच्या गावातल्या उपकेंद्रावर नर्स म्हणून माझी नेमणूक झाली. एसटी अल्याडच्या गावापर्यंतच यायची, म्हणून अल्याडलाच अक्काच्या घरात एक खोली भाड्यानं घेतली. त्यामुळं रोज दोन वेळा मी तिच्या नावेत असायचे आणि उरलेला वेळ तिच्या तावडीत. ती न सांगता खोलीत यायची, चुलीवरच्या भांड्याचं झाकण काढून चव घ्यायची आणि "मीठ कमी हाय" म्हणून निघून जायची. कधी कधी मीठ घालूनच जायची.

पहिल्या दिवशी मी काठावर उभी राहून पाणी किती खोल असेल ते बघत होते. आधीच नावेत बसलेले लोक माझ्याकडं बघत होते. अक्कानं वल्हं आडवं धरून वाट अडवली.

"कुणाकडं?"

"उपकेंद्रावर. मी नवीन नर्स."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? नोकरीला."

"नोकरीला तर लई जन येत्यात अन् जात्यात. कशाला, ते सांग."

मी वैतागून म्हणाले, "बाळंतपणं करायला, लेकरांना सुया टोचायला."

"हां. असं म्हन की. बस."

हा तिचा नियम होता. कुणीही असो, कुणाकडं आणि कशाला हे सांगितल्याशिवाय नावेत पाय ठेवायचा नाही. म्हातारा असो, शाळेतलं पोर असो, वऱ्हाडी असोत की तलाठी. ओळखीच्या माणसालाही रोज सांगावं लागायचं. एखादा नवखा चिडायचा, तुला काय करायचंय म्हणायचा. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं, "म्या कुठं इचारती? पानी इचारतंय."

अक्का काही देवमाणूस नव्हती. लोकांकडून काढून घेतलेली खबर ती तिखटमीठ लावून दुसऱ्या काठावर पोचवायची. कुणाच्या पोरीला बघायला कोण आलं, कोण दवाखान्यात कशासाठी गेलं, हे दोन्ही गावांना तिच्यामुळं कळायचं. त्यातून तिनं लग्नं जमवली, तशी एकदोन मोडलीही. शिव्या तर अशा द्यायची की शाळेतली पोरं त्या शिकायला म्हणून पुढच्या फळीवर बसायची. वारा सुटून नाव डुचमळायला लागली की ती पाण्यालाही शिव्या घालायची. "गप बस गं भवाने, तुझं काय मेलंय?" असं पाण्याला दटावलं की माझी भीती थोडी कमी व्हायची, हे खरं.

दोन चुलतभाऊ होते, एक अल्याडला राहणारा, एक पल्याडला, शेतं मात्र लागून. बांधावरून त्यांचं बोलणं बंद होतं. एका बाजाराच्या दिवशी दोघंही एकाच खेपेला आले आणि नावेच्या दोन टोकांना तोंडं फिरवून बसले. मधोमध आल्यावर अक्कानं वल्ही मांडीवर घेतली आणि कमरेची पिशवी काढून तंबाखू मळायला लागली.

"अक्का, चला की," कुणीतरी म्हणालं.

"ह्ये दोघं बोलले की चलती."

ऊन चढत होतं. एका बाईच्या शेळ्या ओरडायला लागल्या. माझ्या लसीच्या डब्यातला बर्फ वितळत होता. मी चिडले, बाकीचे चिडले. सगळे त्या दोघांवरच ओरडायला लागले. शेवटी थोरला पाण्याकडं बघत पुटपुटला, "तूर कशी हाय औंदा?"

धाकटा म्हणाला, "बरी हाय."

"झालं की," अक्का म्हणाली आणि वल्ही पाण्यात टाकली.

बांधाची कोर्टातली केस त्यामुळं काही मिटली नाही. पण नावेत बसले की ते दोघं एकमेकांना पिकाचं विचारायचे, एवढं मात्र राहिलं.

आता ज्याची आठवण नको वाटते ते सांगते. पावसाळ्याचे दिवस होते, मी रात्री उपकेंद्रावरच राहिले होते. पल्याडच्या गावातली एक सून, पहिलटकरीण, सकाळी उपकेंद्रावर आली. बाळ आडवं होतं. ते माझ्या हातचं काम नव्हतं, तिला उमरग्याला न्यायलाच हवं होतं. वरच्या अंगाला रात्रभर पाऊस झाला होता आणि पाणी गढूळ होऊन नुसतं धावत होतं. मी फोन करून अल्याडच्या काठावर गाडी मागवली. अक्काला निरोप गेला, आणि ती तसल्या पाण्यातून एकटी नाव घेऊन आली. त्या दिवशी तिनं कुणाकडं, कशाला, काही विचारलं नाही.

आम्ही त्या पोरीला फळीवर निजवलं. तिची सासू डोक्याशी बसली, मी पायाशी. मधे गेल्यावर नाव काही ऐकेना. धार आम्हाला खाली खाली ओढत नेत होती, बुडालेल्या बाभळींच्या शेंड्यांत. अक्काचे तळहात सोलवटून निघाले, वल्ह्याला रक्त लागलं. ती पाण्याला शिव्या देत नव्हती. "थांब माय, थांब माय" एवढंच म्हणत होती, पाण्याला की त्या पोरीला, मला कळलं नाही. आम्ही काठाला लागलो तेव्हा गाडी दार उघडून उभी होती, आणि पोरगी गेलेली होती. बाळ तिच्या पोटातच गेलं.

अक्कानं नाव धुतली. मग पुन्हा धुतली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाकी शर्ट घालून ग्रामपंचायतीत गेली आणि सरपंचासमोर उभी राहून म्हणाली, "पूल पायजे."

तिथून पुढं कुठलाही पुढारी आला, की ती गर्दी फोडून पुढं. उमरग्याला रस्ता रोको झाला तेव्हा तिनं डांबरावर बसकण मारली आणि पोलिसांनी उचलेपर्यंत उठली नाही. लोक हसायचे. "अक्का, पूल झाल्यावर तुमी काय खाताव?" असं शिवाप्पानं एकदा पारावर सगळ्यांदेखत विचारलं. शिवाप्पा म्हणजे आमच्या शेजारचा शेतकरी. माणूस मऊ, कुणाला दुखवायचा नाही, सगळ्यांचं ऐकायचा.

"माती खाईन," अक्का म्हणाली. "पर पूल करा."

ह्या शिवाप्पाला दोन मुली. थोरली सुरेखा पल्याडच्या गावात दिली होती. नवऱ्याचा ट्रॅक्टर होता, दिसायला चांगला, शुद्धीत असला की बोलायलाही गोड. पण प्यायला की मारायचा. सुरेखा सुजलेलं तोंड पदरात लपवून, लेकरू कडेवर घेऊन काठावर येऊन उभी राहायची. तिला अक्कानं कधी काही विचारलं नाही. नुसतं सरकून जागा करून द्यायची, आणि नाव भरायची वाट न बघता सोडायची.

थोड्या वेळानं नवरा काठावर येऊन ओरडायचा. "अक्का, नाव आना इकडं! माझी बायको हाय ती!"

अक्का पाण्यावरूनच ओरडायची, "वळसा घालून ये! मुरुमच्या एसटीत बसलास की उतरंल!"

आणि खरंच उतरायची. दोन एसट्या बदलून, धूळ खाऊन, फाट्यापासून चालत तो सासरवाडीला पोचायचा तेव्हा संध्याकाळ झालेली असायची आणि तो मेल्याहून मेल्यासारखा झालेला असायचा. शिवाप्पाच्या ओसरीवर मान खाली घालून चहा प्यायचा. मग दोनचार दिवसांनी सुरेखा परत जायची. शिवाप्पा म्हणायचा, जावई आहे, काय करणार.

एकदा तो तिला न्यायला आला आणि दोघं नावेत बसले, तेव्हा मीही ड्यूटीवर निघाले होते. मधोमध अक्कानं वल्ही वर घेतली.

"पवता येतं का रे तुला?" तिनं विचारलं.

"न्हाय."

"मंग हिला हात लावनार न्हाय, असं म्हन."

तो हसला. आमच्याकडं बघितलं. कुणी हसलं नाही. "न्हाय लावनार," तो म्हणाला.

"मला सांगू नगंस. पान्यात हात घाल अन् पान्याला सांग."

त्यानं हात घातला आणि सांगितलं. सुरेखा दुसरीकडं बघत होती, पण तिचे ओठ दाबून धरलेले मला दिसले, हसू आवरल्यासारखे. दिवाळीपासून होळीपर्यंत तिनं माझ्याकडं येऊन कुठली मलमपट्टी करून घेतली नाही. होळीनंतर आली. अक्कानं पुन्हा त्याला वळसा घालायला लावला. असं ते चालायचं. त्यानं सुरेखाचं दुखणं मिटलं नाही, पण तिला पळून यायला मधे एक जागा होती, आणि त्याला शुद्धीवर यायला अर्धा दिवस.

पूल मंजूर झाला तो अक्कामुळं नाही. चौपदरी महामार्ग येणार होता आणि आमची दोन गावं त्याच्या वाटेत होती, एवढंच. मोठमोठे खांब पाण्यात उभे राहिले. अक्का नाव घेऊन त्या खांबांच्या मधून जायची आणि वर चढलेल्या परमुलखातल्या कामगारांना सांगायची, "बिगी बिगी करा रे, पाऊस यायच्या आत!" त्यांना मराठी कळायचं नाही, तरी ते हात हलवायचे. पहिला गर्डर बसला त्या दिवशी तिनं दोन्ही काठांवर गूळ वाटला. नावेच्या शेवटच्या दिवसासाठी गूळ वाटणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

उद्घाटनाला मंडप, भोंगे, पुढारी. अक्काला स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ दिला. ह्या माऊलीचे कष्ट आजपासून संपले, असं एक जण बोलला. माईक तोंडापुढं धरला तेव्हा मला वाटलं ती शिवी देते की काय. पण ती जरा वेळ पुलाकडं बघत राहिली आणि म्हणाली, "समदं ब्येस झालं. पर पुलावर इचारनार कोन?"

"आता कुणाला विचारायची गरजच नाही, मावशी!" तो पुढारी माईकवरून म्हणाला. टाळ्या पडल्या. अंगावर खाकी शर्ट असूनही तो तिला मावशी म्हणाला.

पुलानं काही भलं झालं नाही, असं मी म्हटलं तर ते खोटं ठरेल. मी नर्स आहे. पूल झाल्यावर माझी एकही बाळंतीण वाटेत गेली नाही. फोन केला की गाडी उपकेंद्राच्या दारात येते. नव्या रस्त्यानं एसट्या वाढल्या, तशी शिवाप्पाची धाकटी मुलगी मंगल उमरग्याच्या कॉलेजात जाऊन बारावी झाली. ती माझ्या खोलीवर येऊन बसायची, बीपी बघायचं यंत्र हाताळायची, नर्सिंगला कुठं प्रवेश घ्यायचा ते विचारायची. मी तिला जमेल ते सांगायचे. अक्का बाजूला बसून ऐकायची आणि म्हणायची, "हिला सुई टोचायला शिकव आधी. ही पोरगी रक्त बघून घाबरती का बघ."

पण दोन्ही गावं एकमेकांकडं यायची बंद झाली. पुलावर आलेला माणूस सरळ उमरग्याला जातो. पल्याड कुणी आजारी असलं तर अल्याडच्या लोकांना आता अंत्यविधी झाल्यावर कळतं. पत्र्याची नाव भंगारवाल्यानं कापून नेली. तो ती कापत होता तेव्हा अक्का घरात बसून शेंगा फोडत होती आणि मी बोलले तरी वर बघत नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, सुरेखा लेकरू घेऊन निघाली. पुलाच्या तोंडाशी एक कलिंगडवाला बसायचा. त्यानं नंतर आम्हाला जे सांगितलं ते असं. ती अनवाणी होती आणि कठड्याच्या कडेनं भराभरा चालत होती. ती पुलाच्या अर्ध्यावर आली तोवर नवरा मोटरसायकलवरून मागून आला. पुलावरच त्यानं तिला मारलं. ट्रक हॉर्न वाजवून बाजूनं जात होते. एक जीप हळू झाली, काच खाली झाली, आतून कुणीतरी "घरचं भांडण दिसायलंय" म्हणालं, काच वर गेली. मग त्यानं तिला आणि लेकराला गाडीवर बसवलं आणि परत नेलं.

"तू कामून गेला न्हाईस?" अक्कानं कलिंगडवाल्याला विचारलं.

"गाडा सोडून कसा जाऊ, अक्का?" तो म्हणाला. रडत होता.

त्याच आठवड्यात सुरेखा त्यांच्या शेतातल्या विहिरीत सापडली. पाणी शेंदताना पाय घसरला, असं सासरच्यांनी सांगितलं. मी तिच्या अंगावरचे जुने वळ पोलिसांना सांगितले. अक्कानंही जबाब दिला. कलिंगडवाला आला नाही. पाण्यात बुडून मृत्यू, असं लिहून झालं. जमादार ते वाचून दाखवत होता तेव्हा अक्का उठून उभी राहिली. "पान्याचं नाव घिऊ नगा," ती म्हणाली. "पान्यानं न्हाय मारली तिला. पान्यानं लई बार वाचवली व्हती."

जमादार म्हणाला, "बसा मावशी."

त्यानंतर अक्का पुलावर जायला लागली. सकाळी भाकरी खाऊन, खाकी शर्ट घालून, पुलाच्या अल्याडच्या तोंडाशी उभी राहायची आणि मोटरसायकली अडवायची. "कुणाकडं? कशाला?" ओळखीचे लोक सुरुवातीला थांबून सांगायचे. मग तेही वळसा घालून जायला लागले. तिला वळसा. पोरं मोबाईल धरून तिचं शूटिंग करायची आणि त्याला गाणं लावून पाठवायची. माझ्याही फोनवर ते आलं, भूमहून माझ्या भाचीनं पाठवलं होतं, खाली हसणारी तोंडं. एकदा एक ट्रक तिला वाचवताना कठड्याला घासला. हायवेवाल्यांनी तिला गाडीत घालून घरी आणून सोडलं आणि मला बजावलं, म्हातारीला सांभाळा, डोकं फिरलंय तिचं. गावही तेच म्हणत होतं.

मला ती वेडी वाटली नाही. ती संतापलेली होती. दोन्हीतला फरक गावाला कळत नव्हता, किंवा कळून घ्यायचा नव्हता.

वर्ष सरायच्या आत शिवाप्पाकडं सुरेखाच्या सासरचे चार जण येऊन बसले. लेकराला आई पाहिजे म्हणाले. परकी बाई आणण्यापेक्षा मावशीच आई झाली तर लेकरू सुखात राहील. केस तशी कधी उभीच राहिली नव्हती. शिवाप्पा हो म्हणाला. मंगल एकोणीस वर्षांची होती.

मी त्याच्याकडं गेले. मंगलला नर्सिंगला जायचंय म्हणाले. त्यानं मला पाट दिला, चहा मागवला आणि मऊ आवाजात म्हणाला, "सिस्टर, तुमी शिकल्या-सवरल्या. त्या लेकराचं काय करू, तेवढं सांगा." अक्का माझ्या मागोमाग आली होती. तिनं त्याला ज्या शिव्या दिल्या त्या मी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या. तो ऐकत बसला. आतल्या खोलीच्या दारात मंगल उभी होती, हातात चहाचा कप. तो तिनं आणून माझ्यापुढं ठेवला आणि गेली.

लग्न पल्याडच्या गावात. सकाळी नवरीची गाडी निघाली, पुढं डीजेचा टेम्पो, मागं वऱ्हाडाच्या जीपा. अक्का अंधारातच घरातून गेली होती. मला कळलं तशी मी धावत पुलाकडं गेले. टेम्पो तिनं जाऊ दिला आणि नवरीच्या गाडीपुढं उभी राहिली. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. मागं हॉर्न सुरू झाले. मी तिचा दंड धरला, तिनं झटकला. ती काचेतून आत बघत म्हणाली,

"मंगल, कुणाकडं जायलीस? कशाला जायलीस?"

मंगल मागच्या सीटवर बसली होती, बाशिंग बांधलेली, बापाच्या बाजूला. ती समोर बघत होती, आमच्याकडं नाही.

"मंगल, माय, सांग मला. नुस्तं न्हाय म्हन, बाकी म्या बघती."

मागच्या जीपांतून लोक उतरायला लागले. शिवाप्पाच्या बाजूची काच ड्रायव्हरनं खाली केली, तो बसल्या जागेवरूनच बोलला. आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"अक्का," तो म्हणाला, "पूल तुमीच मागितला व्हता. डांबरावर बसून मागितला व्हता. आता गाड्या कामून अडवायलाव?"

अक्काचा एक हात गाडीच्या बॉनेटवर होता. तो तिनं तसाच ठेवला. मला वाटलं ती आता शिवी देईल. वाटलं, मंगल दार उघडून उतरेल. ती उतरली नाही. अक्कानं हात उचलला आणि ती बाजूला झाली. गाडी गेली, मागून जीपा गेल्या. आम्ही दोघी कठड्याला टेकून उभ्या होतो आणि पल्याड टेम्पोचा दणदणाट सुरू झालेला ऐकू येत होता.

मला अक्काचा राग आला. मंगलचा त्याहून जास्त आला. एवढी शिकलेली पोरगी, एक शब्द तोंडातून काढता आला नाही, असं मी मनात म्हणत राहिले.

अक्का परत पुलावर गेली नाही. अंगणात बसून असायची. माझ्या भांड्याचं झाकण उघडून बघायचंही तिनं सोडून दिलं.

परवा मंगल उपकेंद्रावर आली. दिवस गेलेले आहेत. सुरेखाचं लेकरू तिचं बोट धरून होतं. मी तिच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला, हवा भरली. ती त्या काट्याकडं बघत होती, पूर्वी बघायची तशी. दंडाच्या आतल्या बाजूला एक काळानिळा डाग होता. मी त्याच्याकडं बघितलं, तिनं बाही खाली ओढली. मग दाराकडं एकदा बघून हळूच म्हणाली, "अक्काला एक सांगताव का? त्या दिवशी म्या उतरली असती. बानं मनगट धरलं व्हतं. दोन्ही हातानं."

संध्याकाळी घरी येऊन मी अक्काला ते सांगितलं. ती ओसरीवर बसून तूर निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "काचंतनं दिसत व्हतं की."

मी विचारलं, "मग बाजूला का झालात तुम्ही?"

तिनं तुरीतला एक खडा शोधून अंगणात टाकला. मी आत जायला उठले तेव्हा म्हणाली,

"शिवाप्पा बोलला त्ये खोटं कुठं व्हतं, बाई?"